हात बदलता येत नसेल, तर कंट्रोलर बदला!



आजचा विषय पाहून काही वाचक म्हणतील, डॉक्टरांचे विषय संपले वाटतं. मधुमेह झाला, बीपी झालं, थायरॉइड झालं, आणि आता काय, तर गेम खेळायचा कंट्रोलर! हो, आज त्यावरच लिहिणार आहे, आणि जरा चिडून लिहिणार आहे. आधी स्वतःवर, मग माझ्या व्यवसायबंधूंवर आणि शेवटी हे कंट्रोलर बनवणाऱ्यांवर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. माझ्याकडे बीपीसाठी नियमित येणाऱ्या एक बाई त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाचा उजवा हात कडबाकुट्टीत सापडला होता. अंगठा आणि तर्जनी गेली होती, बाकीची तीन बोटं वाचली होती. जखम छान भरली होती. तक्रार वेगळीच होती. झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही.

बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी समजावून सांगा त्याला. दिवसभर तो गेमचा रिमोट मांडीवर घेऊन बसतो. खेळता येत नाही, मग आपटतो, परत उचलतो."

मी काय केलं? जे आपण सगळे डॉक्टर करतो तेच. म्हटलं, "अरे, आता तो नाद सोड. एका अर्थी बरंच झालं म्हण. परीक्षांच्या अभ्यासाला लाग." तो "बरं सर" म्हणाला आणि खाली बघत राहिला. मी झोपेची गोळी लिहून दिली. पुढचा पेशंट आत आला.

पुढे चार-पाच महिन्यांनी बाई बीपी तपासायला आल्या. मुलाचं विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, आता रात्री मित्र येऊन बसतात घरी. नुसता आरडाओरडा." तक्रारीचा सूर होता, पण चेहरा हसरा होता. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने काहीतरी करून दिलं होतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी घेऊन या, बघू.

मुलाने ते पिशवीतून आणलं. एक लाकडी फळी, तिच्यावर वायरचा एक जुना कंट्रोलर पट्टीने घट्ट बसवलेला. डाव्या हाताचं सगळं जिथल्या तिथे. फळीच्या उजव्या बाजूला दोन मोठी गोल बटणं, उरलेल्या तीन बोटांनी दाबायची. आणि खाली लोंबणाऱ्या दोन वायरींच्या टोकाला घराच्या दारावर असतात तशी बेलची दोन बटणं, पायाने दाबायची. एक पासचं, एक शॉटचं. फुटबॉलचा गेम होता.

माझी गोळी त्याने कधीच बंद केली होती. झोप आपोआप यायला लागली होती.

आता सांगा, या मुलावर उपचार कुणी केला? मी, का त्या टीव्हीवाल्याने?

कंट्रोलर कोणाच्या हातासाठी बनतो?

ज्यांनी कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंट्रोलर दोन्ही हातांनी धरतात. डाव्या अंगठ्याखाली एक काडी, तिला स्टिक म्हणतात, आणि चार दिशांची बटणं. उजव्या अंगठ्याखाली दुसरी स्टिक आणि चार मुख्य बटणं. वरच्या कडेला दोन्ही तर्जनींसाठी प्रत्येकी दोन बटणं, त्यातली खालची जोडी बंदुकीच्या चापासारखी.

म्हणजे दोन अंगठे आणि दोन तर्जनी, हे चार अवयव सगळा खेळ चालवतात. बाकीची सहा बोटं नुसतं धरायचं काम करतात. माझ्या पेशंटची नेमकी त्या चारातली दोन गेली होती.

या रचनेत गृहीत काय धरलंय बघा. दोन हात आहेत. दोन्ही सारखे आहेत. अंगठा सर्व दिशांना न दुखता वळतो. पकड मजबूत आहे. हात थरथरत नाही. माझ्या ओपीडीत रोज बसणाऱ्या माणसांपैकी किती जण या वर्णनात बसतात? पक्षाघाताने एक बाजू कमजोर झालेले, संधिवाताने बोटं वाकडी झालेले, मोटारसायकलवरून पडून खांद्याजवळच्या नसा तुटल्याने एक हात लुळा पडलेले तरुण, कंपवात असलेले, जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, स्नायूंचा आजार असलेली मुलं. यातला कुणीच बसत नाही.

आणि धडधाकट हातालाही ही रचना नेहमी मानवते असं नाही. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित नियतकालिकात पाच तास सलग गेम खेळून अंगठा दुखावलेल्या एका पस्तीस वर्षांच्या बाईची नोंद छापून आली होती. त्या दुखण्याला नाव दिलं होतं 'निन्टेन्डिनायटिस'. आजही अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखतं म्हणून तरुण मुलं येतात. तिथे अंगठा उचलणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे टेंडन, एका अरुंद बोगद्यातून जातात. त्या बोगद्याला सूज येते. याला आम्ही डी क्वेर्वेन म्हणतो. बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आयांनाही तो होतो. आईला आम्ही बाळ टाकून द्या असं सांगत नाही, उचलायची पद्धत बदलायला सांगतो. गेम खेळणाऱ्याला मात्र आमचं एकच उत्तर असतं: बंद कर.

उघडला, तर आत काय दिसतं?

इथे लोकांना उगाच भीती वाटते. आत काहीतरी अगम्य असेल अशी कल्पना असते. तसं नाहीये.

बटणाच्या खाली रबराची एक छोटी टोपी असते. तिच्या आतल्या बाजूला कार्बनची टिकली असते. खाली सर्किट बोर्डवर तांब्याच्या दोन रेषा एकमेकींना न चिकटता शेजारी असतात. बटण दाबलं की टिकली त्या दोन रेषांवर टेकते, मार्ग पूर्ण होतो, आणि आतल्या चिपला कळतं की बटण दाबलं. बस्स. दारावरच्या बेलसारखंच.

म्हणूनच त्या दोन रेषांपासून दोन बारीक वायरी बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकाला दुसरं कुठलंही बटण लावलं, तर चिपला फरक कळत नाही. बटण अंगठ्याने दाबलं, पायाने दाबलं, कोपराने दाबलं की गालाने, तिला काही देणंघेणं नाही. भेदभाव करते ती बाहेरची प्लास्टिकची पेटी!

स्टिक थोडी वेगळी. तिच्याखाली दोन छोटे पोटेन्शियोमीटर असतात, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचे त्याच जातीचे. एक उभी हालचाल मोजतो, एक आडवी. वापरून ते झिजतात आणि मग न हलवताही खेळाडू आपोआप एका बाजूला सरकू लागतो. नवीन काही स्टिकमध्ये घासणाऱ्या भागाऐवजी चुंबक आणि हॉल सेन्सर असतो, ती अशी झिजत नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, दुरुस्तीची दुकानं गल्लोगल्ली असलेल्या आपल्या देशात हे काम करू शकणारी माणसं भरपूर आहेत. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत लागणारं सामान मिळतं. कमी आहे ती फक्त 'हे करून घ्या' असं सांगणाऱ्या डॉक्टरांची.

"पण डॉक्टर, खेळच तो!"

हा आक्षेप मला घरच्यांकडून, पेशंटकडून आणि सर्वात जास्त डॉक्टरांकडून ऐकू येतो. जेवता येत नाही, शर्टाची गुंडी लावता येत नाही, तिथे गेमचं काय घेऊन बसलात?

माझा प्रतिप्रश्न: जेवायला चमचा जाड मुठीचा करून देताना तुम्ही पेशंटला विचारता का, की जेवण महत्त्वाचं की गुंडी? दोन्ही करतो ना आपण? मग खेळालाच रांगेत शेवटी का उभं करायचं?

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा जो करार आहे त्याला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्यातलं ३० वं कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक, विरंगुळा आणि खेळ यांत सहभागी होण्याचा हक्क सांगतं. म्हणजे विरंगुळा ही चैन नाही, हक्क आहे, असं आपण सही करून कबूल केलंय. आमच्या प्रिस्क्रिप्शनवर मात्र तो अजून उतरलेला नाही.

माझे काही उत्साही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, गेमने हात सुधारतो, हा व्यायामच आहे. तिथेही सावध राहा. पक्षाघातानंतर हाताची हालचाल सुधारण्यासाठी व्हिडिओ गेम वापरून बघितले गेले. लॅन्सेट न्यूरॉलॉजीमध्ये २०१६ साली आलेल्या एका चांगल्या अभ्यासात काही पेशंटना हालचालींवर चालणारा व्हिडिओ गेम दिला, काहींना पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ दिले. हात सुधारण्यात व्हिडिओ गेम साध्या खेळांपेक्षा सरस ठरला नाही. तेव्हा 'हे औषध आहे' असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

मला औषध म्हणायची गरजच वाटत नाही. त्या मुलाला मित्र परत मिळाले. जो 'बिचारा' होता तो गोल मारणारा झाला. प्रत्येक आनंदाला उपचाराचं लेबल लावल्याशिवाय आपण तो पेशंटला देणारच नाही का?

आता दुसरा आक्षेप: व्यसन. तो खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डरला आयसीडी-११ या आजारांच्या यादीत घेतलं आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची व्याख्या नीट वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान होत असूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारणपणे बारा महिने चाललेलं असतं. रोज मित्रांबरोबर तास-दीड तास खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. जो बसतो त्याच्यावर उपचार करा. पण हात गेल्यामुळे आपोआप व्यसन सुटलं, हा उपचार नव्हे, क्रूरपणा आहे. पायाने अधू झालेल्या माणसाला कुबडी न देता 'बरंय, आता पानटपरीवर जाणार नाहीस' असं आपण म्हणू का?

तिसरा आक्षेप फसवणुकीचा. कंट्रोलरमध्ये चिप बसवून एका दाबात दहा गोळ्या सोडायच्या आणि समोरच्याला हरवायचं, असे प्रकार होतात. त्यांची मी वकिली करत नाही. पण जो बदल माणसाला इतरांच्या बरोबरीला आणतो आणि जो इतरांच्या पुढे नेतो, त्यातला फरक शाळकरी मुलालाही कळतो. चष्मा लावून परीक्षेला बसणं म्हणजे कॉपी नव्हे.

हे आपल्याला नवं नाही

जयपूर फूट आठवा. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. आपला माणूस अनवाणी चिखलात चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून तो पाय बदलला. एक सर्जन, एक कारागीर. सर्जनने कारागिराला कमी लेखलं असतं तर जयपूर फूट झालाच नसता.

महाराष्ट्राला तर हे माहीत असायलाच हवं. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली मुंबईत सुरू झालं आणि ते सुरू केलं कमला निंबकर यांनी. माणसाला जे करायचं आहे ते करता यावं म्हणून वस्तू, जागा आणि पद्धत बदलणं, हा या शास्त्राचा गाभा आहे. पाऊणशे वर्षं होत आली, तरी बहुतेक पेशंटना फिजिओथेरपिस्ट माहीत असतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाही. दोष पेशंटचा नाही. आम्ही पाठवतच नाही.

परदेशात कंट्रोलरच्या बाबतीत हे काम बरंच पुढे गेलंय. निन्टेन्डोने १९८९ सालीच छातीवर बांधायचा, हनुवटीने स्टिक हलवायचा आणि नळीत फुंकून किंवा ओढून बटणं दाबायचा कंट्रोलर काढला होता. अमेरिकेत बेन हेकेनडॉर्न यांनी एका हाताने चालवायचे कंट्रोलर घडवले. ब्रिटनमध्ये २००७ पासून स्पेशलइफेक्ट ही संस्था एकेका माणसाच्या हालचाली तपासून त्याला जुळणारी मांडणी करून देते, आणि त्यांच्याकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट काम करतात. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. दोन मोठी तबकडीसारखी बटणं आणि मागे ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रं, जुन्या हेडफोनची पिन जायची तशी. प्रत्येक छिद्रात हवं ते बटण लावा. सोनीनेही डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅक्सेस नावाचा कंट्रोलर आणला.

टाळ्या वाजवू या. पण एक लक्षात ठेवा. मोठ्या कंपन्यांची ही नवी यंत्रं नेमकं तेच करतात जे घरोघरी बसून हौशी माणसं डाग देऊन आधीपासून करत होती. रस्ता त्यांनी पाडला, कंपन्यांनी नंतर डांबर टाकलं. आणि अशा एका यंत्राची किंमत ते बाजारात आलं तेव्हा परदेशात ९९.९९ डॉलर होती, त्यात बाहेरून लावायची बटणं वेगळी. कडबाकुट्टीत हात गेलेल्या मुलाच्या घरी ते कसं परवडणार?

वॉरंटीचा बागुलबुवा

त्या मुलाने टीव्हीवाल्याकडे जाण्याआधी एका सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं. उत्तर मिळालं, "उघडलात तर वॉरंटी गेली, मग आम्ही हात लावणार नाही." हात लावणार नाही! कुणाला सांगताय हे?

पेशंटने आपल्या पैशाने घेतलेली वस्तू आपल्या शरीराला जुळवून घेतली तर त्याला शिक्षा का? अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवून वॉरंटीच्या अशा अटींबद्दल बजावलं. त्यात मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो या तिन्ही कंपन्या होत्या. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पाऊल चांगलं आहे. पण दुरुस्ती म्हणजे वस्तू पूर्वीसारखी करणं. ज्याचा हात पूर्वीसारखा राहिला नाही त्याला 'पूर्वीसारखी' वस्तू घेऊन काय करायचंय? त्याला बदलाचा हक्क हवा. निदान कंपन्यांनी आतल्या बोर्डवर बाहेरची बटणं जोडायला जागा तरी ठेवावी. त्याला असा कितीसा खर्च येणार आहे?

कोणत्या हाताला काय?

रागावून झालं. आता कामाचं बोलू. क्रम महत्त्वाचा आहे. सर्वात सोपं आधी, पेटी उघडणं शेवटी.

१. आधी सेटिंग बदला. बहुतेक कन्सोलमध्ये आणि अनेक गेममध्ये कुठलं बटण काय करेल हे बदलता येतं. एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर मिळून एकच असल्यासारखे चालवायची सोय आहे. एक पेशंटकडे, दुसरा भावाकडे. यात एक रुपयाही लागत नाही.

२. मग बाहेरून बदला. संधिवात असेल, पकड कमजोर असेल तर मुठी जाड करा, फोम गुंडाळा. कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे मिळतात, त्यांना हवा तो आकार देता येतो. हात थरथरत असेल तर कंट्रोलर हातात धरूच नका, फळीवर किंवा टेबलावर घट्ट बसवा. धरायचं काम वाचलं की अर्धी लढाई जिंकली.

३. स्टिकची उंची विचार करून ठरवा. उंच केली तर जोर कमी लागतो, पण हालचाल मोठी करावी लागते. तरफेचा नियम, शाळेत शिकलेला. खांदा-कोपर चांगले पण बोटं कमजोर असतील तर उंच स्टिक बरी. उलट, ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजारात चालणं, हात उचलणं आधी जातं, पण बोटांची बारीक हालचाल पुष्कळ वर्षं टिकते. अशा मुलाला उंच स्टिक देणं म्हणजे छळ. त्याला अगदी छोटी, हलकी स्टिक आणि माऊसमध्ये असतो तसा हलक्या स्पर्शाने वाजणारा मायक्रोस्विच हवा. त्याच्यासाठी बेलचं बटणसुद्धा जड आहे.

४. मानेच्या मणक्याला इजा झाली असेल तर कुठली पातळी वाचली ते डॉक्टरांना विचारा. सहाव्या पातळीपर्यंतच्या नसा काम करत असतील तर मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र स्वतःहून हलत नाहीत. अशा वेळी तळहाताच्या कडेने दाबायची मोठी बटणं उत्तम चालतात.

५. पेटी उघडायचीच वेळ आली तर वायरचा, स्वस्त, जुना कंट्रोलर घ्या. त्यात बॅटरी नसते. आणि उघडण्यापूर्वी कारागिराला विचारा की बटणांखाली सर्किट बोर्ड आहे की लवचिक प्लास्टिकची फिल्म. काही कंट्रोलरमध्ये फिल्म असते. तिच्यावर डाग द्यायला गेलात तर ती वितळते आणि सगळंच जातं.

आता माझं डॉक्टरी दटावणं

बिनतारी कंट्रोलरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असू शकते. तिला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागलं, ती वाकली किंवा तिच्या दोन टोकांत शॉर्ट झाला तर ती पेटते, आणि ती आग पटकन आवरत नाही. आधी बॅटरी सोडवा, मगच बाकी काम. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, वापरू नका.

डाग देताना जो धूर निघतो तो शिशाचा नसतो, राळेचा असतो. पण त्याने दमा उफाळू शकतो आणि रोज हे काम करणाऱ्यांना नव्याने दमा होऊही शकतो. खिडकी उघडी ठेवा, पंखा असा लावा की धूर तोंडावर येणार नाही. शिसं शरीरात जातं ते हातावरून, तोंडावाटे. काम झालं की साबणाने हात धुवा, मग चहाच्या कपाला हात लावा. लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या खोलीत बसवू नका.

बाहेर काढलेली बटणं कुठल्याही परिस्थितीत घरच्या विजेच्या लाइनला जोडलेली नसावीत. बेलचं बटण नवीन घ्या, भिंतीवरचं काढू नका!

व्हीलचेअरवर बसून खेळणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलून किंवा झुकवून बसायची जागा मोकळी करायची. कमरेखाली संवेदना नसेल तर जखम होतेय हे कळत नाही, आणि रंगलेल्या खेळात वेळ कळत नाही. मोबाइलवर गजर लावा. फिट्स येत असतील तर खेळण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येते. आणि नव्या मांडणीत नवीन दुखणं सुरू झालं, मुंग्या आल्या, तर मांडणी चुकली आहे. सहन करू नका, बदला.

शेवटी, माझ्या व्यवसायबंधूंसाठी

हा ब्लॉग काही डॉक्टरही वाचतात हे मला माहीत आहे. तुम्हाला एकच विनंती. हात गेलेला, हात अडलेला पेशंट समोर आला तर जेवता येतं का, अंघोळ करता येते का, हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: "आधी काय आवडीने करायचास?" उत्तर तबला असेल, कॅरम असेल, गाडी असेल, गेम असेल. त्यावर 'सोड' म्हणण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे चिठ्ठी द्या. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. केईएम, सायन, नायर आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात हे शिक्षण दिलं जातं, तिथे हे लोक आहेत. जिथे कुणीच नसेल तिथे चांगला दुरुस्तीवाला गाठा, आणि त्याच्या शेजारी बसून त्याला सांगा की या बोटात जोर किती आहे आणि हा कोपर किती वळतो. ते त्याला माहीत नसतं, आपल्याला असतं. डाग त्याला द्यायला येतो, आपल्याला येत नाही. जयपूरला हेच झालं होतं.

आणि पेशंटच्या आईवडिलांना सांगतो. मुलगा मोडका कंट्रोलर मांडीवर घेऊन बसला असेल तर तो हट्ट करत नाहीये, तो उपाय शोधतोय. त्याला मदत करा.

त्या मुलाची मी नंतर माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "असू दे सर." आता त्याने स्वतः डाग द्यायला शिकून घेतलंय, डाव्या हाताने. बेलची बटणं काढून त्याने दुसरी, कमी आवाज करणारी लावलीत. रात्री आईची झोपमोड होते म्हणे.

आईचं बीपीही सध्या बरं आहे.